चाकांवरची वीज

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगून मुलांना माकणी शोधायला सांगितले, तर आधी तेरणा नदी शोधावी लागते. नदीवरून बोट फिरवत गेले की निम्न तेरणा धरणापाशी, लोहारा तालुक्यात, हे गाव सापडते. गाव सापडले की आम्ही दुसरा प्रश्न विचारतो : या भागातल्या माणसांनी विजेचा दिवा पहिल्यांदा कुठे पाहिला असेल? मुलांचे उत्तर ठरलेले असते : खांबावर तारा आल्या तेव्हा, घरात.

हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तारा येण्याच्या आधी महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत वीज येऊन गेली होती. ती जत्रेच्या चार दिवसांपुरती यायची आणि जत्रा उठली की निघून जायची. ती खांबावरून येत नसे. आधी बैलगाडीतून आणि नंतर ट्रकमधून, इंजिन व डायनामोच्या रूपाने, ती तंबूच्या सामानाबरोबर यायची.

परदेशात सुट्टीला निघालेली कुटुंबे मोटारीमागे चाकांचे घर जोडतात आणि दिव्यापंख्यांसाठी लहानसे जनित्र सोबत नेतात. आपल्याकडे हा प्रकार क्वचितच दिसतो. पण घर आणि उजेड दोन्ही बरोबर घेऊन, तारेपासून दूर, महिनोन्महिने फिरणारी माणसे आपल्याकडेही आहेत. ती म्हणजे टूरिंग टॉकीजवाले. त्यांच्या इंजिनाची गोष्ट ही आपल्या ग्रामीण भागातल्या विजेच्या इतिहासाचे पहिले प्रकरण आहे, असे आम्हाला वाटते.

विजेआधीचा उजेड

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही चित्रे तंबूत शिरली. अब्दुलअली युसुफअली यांनी १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंहपूर, सिलोन आणि भारतात आपला तंबू फिरवला. तो शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता आणि त्यात हजारभर माणसे मावत, अशी नोंद आहे. हजार माणसांना दिसेल असे चित्र पडद्यावर पाडायचे, तर दिवा अतिशय प्रखर हवा. तो कुठून आणायचा?

त्या काळी एक उपाय होता चुन्याच्या दिव्याचा. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुनकळीचा तुकडा तापवला की तो पांढराशुभ्र प्रकाश देतो. दुसरा उपाय ईथरच्या वाफेवर चालणाऱ्या दिव्याचा. या दिव्यांना वीज लागत नसे, पण ते धोक्याचे होते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात चलच्चित्राच्या यंत्रातल्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि शंभराहून अधिक माणसे होरपळून मेली. त्यात त्या काळची फिल्मही सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे स्वतःच झपाट्याने पेट घेणारी. कापडी तंबू, उघडी ज्योत आणि नायट्रेटची फिल्म एकत्र आल्यावर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. फिरत्या खेळाला विजेचा दिवा हवा होता तो केवळ झगमगाटासाठी नव्हे.

डायनामो आणि इंजिन

विजेचा दिवा म्हणजे तेव्हा कार्बनचा आर्क. कार्बनच्या दोन कांड्या टेकवून किंचित दूर केल्या की मधल्या फटीत लखलखीत प्रकाश पडतो. त्याला विद्युतदाब फार लागत नाही, पण प्रवाह मोठा आणि एकाच दिशेचा लागतो. तो घटमालेतून रोज काढणे परवडणारे नव्हते.

चुंबकाजवळ तार हलवली की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले होते. पण सुरुवातीच्या यंत्रांतले कायम चुंबक दुबळे आणि जड असत. १८६६-६७ च्या सुमारास जर्मनीत सीमेन्स आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन व व्हार्ली यांना स्वतंत्रपणे एक युक्ती सापडली. लोखंडात उरलेले थोडेसे चुंबकत्व आधी थोडी वीज निर्माण करते. तीच वीज लोखंडाभोवतीच्या वेटोळ्यांत फिरवली की चुंबकत्व वाढते, आणि चुंबकत्व वाढले की वीज वाढते. अशा रीतीने यंत्र स्वतःच स्वतःला जागे करते. जनित्र आटोपशीर झाले ते या युक्तीमुळे. फार दिवस पडून राहिलेले असे जनित्र कधी कधी फिरते पण वीज देत नाही. त्यातले उरलेसुरले चुंबकत्वही गेलेले असते. मग बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते पुन्हा जागे करावे लागते.

जनित्र फिरवायला इंजिन हवे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीला कारखाना उभारला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ही इंजिने मुख्यतः विहिरीवरच्या पंपांसाठी होती. पण इंजिनाला त्याचे काय! पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पंप लावला तर ते पाणी उपसते आणि जनित्र लावले तर दिवा पेटवते. विहिरीवरचे इंजिन आणि तंबूमागचे इंजिन हे सख्खे भाऊ. त्यामुळे तंबूचे इंजिन बिघडले तर ते दुरुस्त करणारा मिस्त्री खेड्यातही सापडू लागला. एखादे यंत्र परक्या मुलखात टिकते ते असे.

बोलपट आला आणि वेग अडला

मूकपट हाताने फिरवत. हात थोडा मंदावला तर पडद्यावरचा माणूस थोडा सावकाश चाले, आणि प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. आता फिल्म सेकंदाला २४ चित्रे या एकाच वेगाने पळणे भाग होते, कारण आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारीच छापलेली असते.

इथे एक छान गणित आहे. जनित्राच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने काढायची असतील, तर ध्रुवांच्या संख्येला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचे आणि १२० ने भागायचे. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर आवर्तने ५० येतात. समजा, भार वाढला आणि इंजिन १४२५ फेऱ्यांवर आले. आवर्तने ४७.५ झाली. त्या प्रवाहावर चालणारी प्रोजेक्टरची मोटरही तितकीच मंदावली, तर फिल्म सेकंदाला २२.८ चित्रांवर येते. म्हणजे वेग ५ टक्क्यांनी कमी. पेटीवरच्या दोन शेजारच्या स्वरांच्या कंपनसंख्येत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. काळी दोनमध्ये गाणारी नायिका जवळजवळ पांढरी दोनमध्ये उतरते! गाणे पाठ असलेल्या प्रेक्षकाला हे लगेच खटकते.

म्हणून इंजिनाचा गव्हर्नर महत्त्वाचा ठरला. वेग कमी होताच तो इंधन वाढवतो, वेग वाढताच कमी करतो. जेम्स वॅट यांनी १७८८ साली वाफेच्या इंजिनाला बसवलेली फिरत्या गोळ्यांची युक्तीच इथे, तंबूमागच्या अंधारात, नायिकेचा सूर सांभाळत होती.

तारा केव्हा आल्या?

माकणीचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले, तर ग्रामीण विद्युतीकरण निगम १९६९ साली. खेड्यांपर्यंत तारा नेण्याचे मोठे काम यानंतरचे आहे. या तारखा बोलपटाच्या तारखेशेजारी मांडून पाहा. मधली तीस-चाळीस वर्षे खेड्यातला प्रखर उजेड म्हणजे एक तर गॅसबत्ती, नाही तर फिरते इंजिन.

नळदुर्गजवळच्या मैलारपूरला पौष पौर्णिमेची खंडोबाची यात्रा आणि येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा या याच जिल्ह्यातल्या. जत्रांचे असे वेळापत्रक हेच महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूंचे आणि तमाशाच्या फडांचे वेळापत्रक. ट्रकच्या हौद्यात प्रोजेक्टर, तिथेच सामान आणि तिथेच झोपणे. म्हणजे चाकांवरचे घरच!

घरापासून चार हात दूर

या घराची वीज वापरण्याचे काही नियम अनुभवातून ठरत गेले. प्रत्येक नियमामागे विज्ञान आहे.

पहिला नियम : आधी मोटर, मग दिवे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. सगळा भार आधीच चढवून ठेवला तर इंजिन दमते.

दुसरा : एका बल्बासाठी जनित्र चालवू नये. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. लहान जनित्र भरल्या भारावर त्यातून अडीच-तीन युनिट वीज देते. भार अगदी थोडा असेल तर बरेचसे इंधन इंजिनाला नुसते फिरते ठेवण्यातच जाते. खेळ संपला की इंजिन बंद करून कंदील किंवा बॅटरी वापरणे हा कंजूषपणा नव्हे, हिशेब आहे.

तिसरा : इंजिन दूर ठेवावे, पण तार जाड घ्यावी. २ किलोवॅट भाराला २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर लागतात. जनित्र ४० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार ८० मीटर होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे १२ व्होल्ट गळतात आणि शंभर वॅट नुसती तार तापवण्यात जातात. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही गळती पाच व्होल्टांवर येते.

मग इंजिन जवळ का ठेवू नये? आवाज हे एक कारण, पण खरे कारण धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद खोलीत, ओसरीत किंवा ट्रकच्या हौद्याशेजारी जनित्र चालू ठेवून झोपलेला माणूस गुदमरल्याचे न कळताच मरू शकतो. दिवाळीत, लग्नसराईत, भारनियमनात जनित्र वापरणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवे. आमच्या पाठ्यपुस्तकांत कार्बन मोनॉक्साइडचे सूत्र असते. ही गोष्ट मात्र शिक्षकाला सांगावी लागते.

एक पहाट

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. माकणी याच पट्ट्यातले. सास्तूर तर शेजारीच. अंधारात ढिगारे उपसायचे होते, पुढच्या दिवसांत पाऊसही आला, आणि मग हजारो कुटुंबे दीर्घकाळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिली.

अशा वेळी तारेवरच्या विजेचा भरवसा नसतो. जत्रेत करमणूक वाटणारे चाकांवरचे जनित्र अशा वेळी शस्त्रक्रियेचा दिवा असते, पाण्याचा पंप असते. आणि तेव्हाच त्याचा आणखी एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. गडबडीत कुणी जनित्राची पिन थेट घराच्या प्लगमध्ये खोचली, तर वीज उलटी फिरून रोहित्रापर्यंत जाते. तिथे तिचा दाब हजारो व्होल्टांपर्यंत चढतो आणि तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. जनित्र आणि तार यांपैकी एकच जोडली जाईल असा बदली स्विच म्हणूनच आवश्यक आहे.

शेवटचा खेळ?

फिल्मची रिळे आता गेली. महाराष्ट्रातल्या तंबूंनी डिजिटल प्रोजेक्टर घेतले. या बदलाचे चित्रण करणारा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. तंबू कमी झाले आहेत. रात्रीच्या दिव्यांचे काम आता सौर तबकडी आणि बॅटरी धुराशिवाय करू शकतात. पण मोठा भार आणि ढगाळ दिवस आले की इंजिनाची आठवण होतेच.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. जुन्या सायकलचा डायनामो मिळवा. मागचे चाक उचलून, बल्ब न जोडता पेडल फिरवायला सांगा. मग बल्ब जोडून पुन्हा फिरवायला सांगा. पेडल जड लागते. उजेड फुकट मिळत नाही, तो कुणाच्या तरी पायातून किंवा डिझेलच्या डब्यातून येतो, हे मुलाच्या पायाला कळते. त्यानंतर मुलांना गावातल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांकडे पाठवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा : तुम्ही विजेचा पहिला दिवा कुठे पाहिला? जी उत्तरे येतील ती वहीत तारखेसह लिहून ठेवा. खांबांची नोंद सरकारी कागदांत आहे. चाकांवर आलेल्या विजेची नोंद या माणसांच्या आठवणीतच आहे, आणि ती ऐकायला आता फार वेळ उरलेला नाही.