उलटा पत्ता अशुभ नव्हे

टॅरोचे पत्ते वाचणाऱ्यांत आणि वाचून घेणाऱ्यांतही एक समजूत इतकी मुरली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. पत्ता सुलटा पडला की शुभ, उलटा पडला की अशुभ. सुलट्याचा जो अर्थ, त्याच्या नेमका विरुद्ध उलट्याचा. जयपुरात या समजुतीला आणखी एक टेकू मिळतो. इथला गिऱ्हाईक जन्मपत्रिका बघत लहानाचा मोठा झालेला असतो, म्हणून त्याला सांगितले जाते की उलटा पत्ता म्हणजे वक्री ग्रह. एवढे म्हटले की पुढचे सगळे पटते.

टॅरोने भविष्य कळते का, हा वाद मी इथे घालत नाही. माझा त्यावर विश्वास नाही, पण आजचा मुद्दा तो नव्हे. ज्यांचा विश्वास आहे त्यांच्याच ग्रंथांना आणि त्यांच्याच रीतीला ही समजूत धरून आहे का, एवढेच पाहायचे आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. एक, उलट-सुलट अर्थ पूर्वापार चालत आले आहेत. दोन, प्रमाणग्रंथांत प्रत्येक पत्त्याचे दोन अर्थ दिले आहेत. तीन, ग्रह वक्री होतो तसा पत्ता उलटा होतो. चार, पिसून आलेला पत्ता कोणत्या बाजूने पडावा हे दैव ठरवते, म्हणून ती बाजू हा संकेतच होय.

पहिला मुद्दा ‘पूर्वापार’चा. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी निघाले. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले संच आजही संग्रहालयांत आहेत. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात लोक या पत्त्यांनी आजही डाव मांडतात. त्यांत इजिप्तचे गूढ ज्ञान आहे असे १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेब्लँ याने लिहिले, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉने ती उलगडली १८२२ साली. उलट्या पानाचा वेगळा अर्थ छापून प्रचारात आणला तो पॅरिसच्याच एत्तेया या भविष्यवेत्त्याने, १७७० साली, आणि तोही टॅरोच्या नव्हे तर पिके या खेळाच्या साध्या पत्त्यांसाठी. पुढे त्याने स्वतःचा टॅरो संच काढला आणि पत्त्याच्या दोन्ही टोकांना दोन वेगळे शब्द छापले. म्हणजे ‘पूर्वापार’चे वय अडीचशे वर्षे. इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली टॅरोच्या खेळाचा सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हापासून या क्रमाबद्दल अभ्यासकांत वाद उरलेला नाही.

याच जेब्लँची एक गंमत सांगण्यासारखी आहे. टॅरोत एका पायाने उलट्या टांगलेल्या माणसाचा पत्ता आहे. जुन्या इटलीत त्याला फितूर म्हणत. फितुरांची अशी उलटी चित्रे भिंतींवर रंगवून त्यांची बेअब्रू करण्याची तिथे चाल होती. जेब्लँला हे ठाऊक नव्हते. त्याने ठरवले की हा एक पाय उचलून जपून उभा असलेला ‘विवेक’ आहे, अडाणी कारागिराने चित्र उलटे छापले. सुलट्या पत्त्याला उलटा समजून त्याने नवा अर्थ काढला. आज हाच पत्ता उलटा पडला तर तो माणूस पायांवर उभा दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, अशुभ!

दुसरा मुद्दा ग्रंथांचा. जयपुरात काय, मुंबईत काय, बहुतेकांच्या हातात जो संच असतो तो १९०९ साली लंडनमध्ये निघालेला: कल्पना आर्थर वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. वेट यांनी १९११च्या आपल्या सचित्र पुस्तकात उलटे अर्थ दिले आहेत, हे खरे. पण ते वाचतो कोण? वाँड्स या रंगातला चारचा पत्ता उलटा पडला तरी अर्थ बदलत नाही, असे वेट स्वच्छ लिहितात. उलट्या सूर्याचा अर्थ तोच, फक्त जरा कमी प्रमाणात. तलवारींचा दहाचा पत्ता, ज्यावर पाठीत तलवारी खुपसलेला माणूस पडला आहे, तो उलटा झाला तर लाभ आणि यश, जरी न टिकणारे. याउलट ‘तारा’ हा आजच्या वाचकांचा लाडका पत्ता घ्या. सुलटा असतानाच वेट त्याच्या खाती चोरी आणि हानीही मांडतात. ‘उलटा म्हणजे विरुद्ध’ किंवा ‘उलटा म्हणजे वाईट’ असा नियम या पुस्तकातून निघत नाही.

त्याहून मोठी साक्ष पुढे आहे. वेट आणि स्मिथ दोघेही ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाचे सभासद होते. त्या मंडळाच्या टॅरोवरील हस्तलिखितात सांगितले आहे की पत्ता सुलटा असो वा उलटा, त्याचा अर्थ आणि बळ तेच. उलटा पडलेला पत्ता तसाच ठेवायचा, कारण फिरवला तर चित्रातल्या माणसाच्या तोंडाची दिशा बदलेल. प्रत्येक पत्ता एका तत्त्वाचा मानलेला, आणि बळ ठरते ते शेजारच्या पत्त्यांवरून: अग्नीच्या पत्त्याशेजारी जलाचा आला तर तो दुबळा होतो, वायूचा आला तर त्याला साथ मिळते. आजच्या टॅरोचे माहेर हे मंडळ, आणि तिथेच उलट-सुलटला किंमत नव्हती.

तिसरा मुद्दा वक्री ग्रहाचा, आणि तो जयपुरातच तपासावा. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे शहर वसवले आणि पुढे जंतरमंतर ही वेधशाळा उभारली. त्यांच्या पदरचे गणिती जगन्नाथ सम्राट हे दक्षिणेतून आलेले महाराष्ट्रीय ब्राह्मण असे मानले जाते. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. त्या ग्रंथाचा बारावा अध्याय मुख्यतः ग्रहांच्या वक्रगतीच्या गणितावर आहे. वक्री होणे म्हणजे काय, हे त्यामुळे या शहराला तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. मंगळ सुमारे सव्वीस महिन्यांनी वक्री होतो, बुध वर्षातून तीनदा, क्वचित चारदा. तारीख आधी काढता येते, आणि ती जयपूरला एक नि कोल्हापूरला दुसरी अशी नसते. फलज्योतिषाचे म्हणाल तर वक्री ग्रह दुबळा नव्हेच. ग्रहाचे बळ मोजण्याच्या ‘षड्बल’ या हिशेबात त्याला गतीचे बळ, म्हणजे चेष्टाबल, पूर्ण मिळते. वक्री शुभग्रह अधिक बलवान मानावा असे जुने ग्रंथ सांगतात. राहू-केतू तर सदैव वक्रीच. तेव्हा उपमा मान्य केली तरी निष्कर्ष उलटाच निघतो.

दिशा हा संकेत कधी धरता येतो, तेही इथेच दिसते. आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी जयपूरचे ज्योतिषी ध्वज घेऊन जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर चढतात आणि वारा कोणीकडून वाहतो ते पाहून पावसाचे भाकीत करतात. भाकीत खरे ठरते की नाही ते हवामान खात्याला विचारावे. पण दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, दिशांचे अर्थ आधीच ठरलेले, आणि वारा कोणी हाताने पिसत नाही.

पत्ते मात्र हातानेच पिसले जातात, आणि इथे चौथा मुद्दा कोसळतो. नवा कॅट खोक्यातून काढला की सगळे पत्ते एकाच दिशेचे असतात. साधे पिसले तर एकही उलटा होत नाही. टेबलावर पसरून गोल कालवले तर निम्मे उलटे होतील. कॅट कापून एक भाग फिरवून ठेवला तरी तेच. पुढे पत्ता उघडण्याची रीत: पुस्तकाच्या पानासारखा कुशीवर वळवला तर दिशा टिकते, खालची कड धरून वर उलथला तर बदलते. वाचणारा आणि विचारणारा समोरासमोर बसलेले, म्हणजे एकाचा सुलटा तो दुसऱ्याचा उलटा. वेट यांच्याच दहा पत्त्यांच्या मांडणीत दुसरा पत्ता पहिल्यावर आडवा ठेवतात. तो कोणत्या बाजूचा धरायचा?

निम्मे पत्ते उलटे आहेत असे धरले, तर तीन पत्ते काढताना निदान एक उलटा निघण्याची शक्यता आठात सात. दहा पत्ते एका ओळीत मांडले तर सगळे सुलटे पडायचे ते १०२४ मांडण्यांतून एकदा. दहापैकी सात किंवा अधिक उलटे आले की लोकांच्या तोंडचे पाणी पळते, पण असे साधारण सहा मांडण्यांत एकदा घडणारच.

यावर जाणता वाचक म्हणेल, योगायोग हेच तर आमचे साधन. पत्ता योगायोगाने येतो तशी बाजूही येते. हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो मानतो. पण मग बाजू हा मांडण्यापूर्वी जाहीर करायचा संकेत झाला, पत्त्याचा अंगभूत गुण नव्हे. पिसण्याची रीत एक ठेवायची, उलट्याचा अर्थ आधी सांगायचा: विलंब, कमी जोर, मनातल्या मनात राहिलेली गोष्ट, जे काय असेल ते. पत्ता उघडल्यावर तो ठरवला तर ती सोय झाली, वाचन नव्हे.

पत्त्याची किंमत संदर्भाने ठरते, हे आपल्याला परदेशातून शिकायला नको. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा: १२० गोल पाने, दहा रंग. राजा आणि प्रधानानंतर निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का शेवटचा. उरलेल्या रंगांत एक्का मोठा, दश्शी शेवटची. डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतरी करतो, रात्री कृष्णाचा. गंजिफा भविष्यासाठी नाही, खेळासाठी आहे. पण पान तेच असून रंग आणि वेळ पाहून त्याचे वजन बदलते, ही समज तिच्यात आहे. टॅरोतही प्रश्न कोणता, शेजारी कोण, मांडणीत जागा कोणती, यांवरून बोलता येते. उलट-सुलटचा नियम हा त्या कष्टांतून सुटण्याचा आडमार्ग आहे.

या आडमार्गाच्या तोंडाशी दुकान असते, हेही सांगितले पाहिजे. जयपूर हे रत्नांना पैलू पाडणाऱ्यांचे शहर. उलटा पत्ता दाखवून घाबरवायचे आणि उतारा म्हणून खडा किंवा मण्यांचे कडे गळ्यात मारायचे, हे इथे सोपे पडते. वेट यांच्या पुस्तकात उलट्या पत्त्यावर खड्याचा उतारा नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. पत्ते वाचून घ्यायचे असतील तर पहिला पत्ता उघडण्याआधी विचारा: तुम्ही उलटे धरता का, धरत असाल तर त्याचा अर्थ काय, आणि पत्ते पिसता कसे? तिन्हींची उत्तरे आधी मिळाली नाहीत, तर पैसे खिशात ठेवून उठा.