सी, डी आणि एक न दिसणारा कप्पा

१/ नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात उद्ध्वस्त झाले. माणसे गेली, घरे गेली आणि घरांतले कागदही गेले. या परिसराचा स्थानिक इतिहास शोधताना त्यानंतरची साधनेही म्हणूनच मोलाची ठरतात. असेच एक साधन मध्यंतरी नरखेडला हाती आले : बंद पडलेल्या टंकलेखन केंद्रातला, भंगारात निघालेला डेस्कटॉप.

२/ 'माय कंप्युटर'मध्ये एकटा सी ड्राइव्ह दिसत होता आणि त्यात विंडोज एक्सपीखेरीज विशेष काही नव्हते. मालक म्हणाले, "काही नाही जी त्याच्यात." पण सी होता १० जीबीचा आणि डिस्कच्या लेबलवर छापले होते ४० जीबी.

३/ मुळात पहिला ड्राइव्ह 'सी' का? १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असल्याने डिस्कला सी मिळाले. त्याच वर्षीच्या डॉस २.० बरोबर पार्टिशनचा तक्ता आला. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये त्याला अवघे ६४ बाइट दिलेले आहेत. १६ बाइटांची एक, अशा चारच नोंदी त्यात मावतात. आपल्याकडे डी ड्राइव्ह रुळला तो वेगळ्याच कारणाने. विंडोज बिघडले की सी फॉरमॅट करायचा, हा शिरस्ता. म्हणून कामाच्या फाइली डीमध्ये.

४/ तेव्हा 'माय कंप्युटर'वर राइट क्लिक, मग 'मॅनेज', मग 'डिस्क मॅनेजमेंट'. तेथे सीच्या शेजारी २७ जीबीचा धडधाकट कप्पा होता. त्याला फक्त अक्षर नव्हते, म्हणून तो दिसत नव्हता. (राहिलेले ३ जीबी हरवलेले नाहीत. कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज १०२४च्या. म्हणून ४० चे ३७ होतात.) येथे 'फॉरमॅट' वा 'डिलीट'ला हात लावू नये. 'चेंज ड्राइव्ह लेटर'ने अक्षर दिले की पुरते. खरे तर आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत घ्यायला हवी होती; उतावीळपणे मी ते नंतर केले.

५/ कागदाच्या जलचिन्हावरून काळ ठरवतात, तसे येथेही आहे. 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये पहिल्या पार्टिशनचा आरंभ ३२,२५६ बाइटांवर दिसला, म्हणजे ६३ वा सेक्टर. ही एक्सपी आणि तत्पूर्वीची रीत. व्हिस्टापासून आरंभ सामान्यतः २०४८ व्या सेक्टरवर होतो. म्हणजे मधल्या काळात ही डिस्क कोणी नव्याने विभागलेली नसावी.

६/ नव्या डी ड्राइव्हमध्ये अर्ज, ठराव, स्मरणिकांची पाने होती. मी एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर उघडली, तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. विंडोजला देवनागरी युनिकोड २००० पासून येत असले, तरी छपाईची मराठी त्यानंतरही दीर्घकाळ श्री-लिपीसारख्या फॉन्टांत टंकली जाई. तेथे 'क'च्या जागी प्रत्यक्षात भलतेच चिन्ह साठवलेले असते. मराठी दिसते ती केवळ फॉन्टमुळे. आणि तो फॉन्ट होता सीमध्ये, विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात.

७/ ज्या सीमध्ये "काही नाही" म्हणत होते, त्याच्याविना डीमधली एकही ओळ वाचता आली नसती. आता दोन्ही कप्प्यांची प्रत एकत्र ठेवली आहे. फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम सुरू आहे.