दुर्बीण निवडताना

शाळेसाठी दुर्बीण घ्यायची म्हटले की मुले आधी विचारतात, "सर, किती मोठं दिसेल?" तेव्हा आम्ही त्यांना निजामिया वेधशाळेचा इतिहास सांगतो.

हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी १९०१ साली ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची दुर्बीण विकत घेतली. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. नवाबसाहेब १९०७ मध्ये वारले. पुढच्या वर्षी वेधशाळा निजाम सरकारकडे गेली. मोठी दुर्बीण मात्र १९२२ पर्यंत कामाला लागली नाही. जगभरच्या वेधशाळांनी वाटून घेतलेल्या ताऱ्यांच्या नकाशात हैदराबादने आपला वाटा उचलला, तो ८ इंची कुक दुर्बिणीने छायाचित्रे घेऊन. १९१९ मध्ये वेधशाळा उर्दूतून शिकवणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

म्हणून आम्ही आकाराला भुलत नाही. एकेरी भिंगातून ताऱ्याभोवती रंगांची झालर दिसते; क्राऊन आणि फ्लिंट काचेचे जोडभिंग ती बरीच कमी करते. भिंग जोड आहे का, तिपाई हलत नाही ना, हे आधी पाहावे. दुर्बीण नवाब देऊ शकतात. वेध घेणारी माणसे मात्र शाळेलाच घडवावी लागतात.