खटारा आणि धाव : पाटसच्या रस्त्यावरील मोटारबांधणीची बोली आणि तिचा इतिहास

'खटारा' हा शब्द आज मराठीत जुन्या, आवाज करणाऱ्या, वाटेत केव्हा बंद पडेल याचा नेम नसलेल्या मोटारीला लावतात. एकोणिसाव्या शतकात खटारा म्हणजे ओझे वाहणारी बैलगाडी होती आणि त्या नावात कमीपणा काही नव्हता. शब्द एका वाहनावरून दुसऱ्या वाहनावर गेला व जाता जाता त्याची प्रतिष्ठा उतरली, हा अर्थापकर्षाचा साधा नमुना म्हणून वर्गात सांगता येतो. आम्हीही अनेक वर्षे तो तसाच सांगत आलो. परंतु जुनी मोटार विकत घेऊन, सुट्टीचे दिवस आणि पगारातील शिल्लक तिच्यावर खर्च करून ती पुन्हा चालती करणारे जे हौशी लोक आहेत, त्यांच्या तोंडी हाच शब्द आज लाडाचा झाला आहे. 'आमचा खटारा' असे म्हणताना त्यांच्या स्वरात जो अभिमान असतो, तो ऐकल्यावर अपकर्षाची ती कथा अपुरी वाटू लागते. ही हौस आणि तिला हात देणारे मिस्त्री यांच्या बोलीकडे आम्ही वळलो, त्याचे कारण हे.

या बोलीचा शोध घेण्यासाठी पाटस हे गाव निवडण्यास कारण आहे. दौंड तालुक्यातील हे गाव पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्यावर आहे. येथून एक फाटा बारामतीकडे जातो. लोहमार्गही जवळूनच गेला आहे. आषाढात तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला येते आणि पुढे रोटीचा घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. गळिताच्या हंगामात भीमा सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते; त्या बैलगाड्यांना लाकडी चाके नसून मोटारीचे टायर असतात आणि पुष्कळ गाड्यांखाली जुन्या मोटारीचा आसही असतो. म्हणजे बैलगाडीने मोटारीला शब्द दिले आणि मोटारीने आपले सुटे भाग बैलगाडीला परत केले. बैल, आगगाडी आणि मोटार या तिन्हींच्या परिभाषा जेथे एकमेकींच्या अंगणात वावरतात, असे हे ठिकाण आहे.

येथेच एक गंमत नमूद करावीशी वाटते. पाटसच्या शिवारात 'मोटर चालू कर' असे कोणी म्हणाले तर कोणीही वाहनाकडे पाहत नाही. मोटर म्हणजे विहिरीवरचा विजेचा पंप. तो पंप जेथे बसला तेथे पूर्वी चामड्याची मोट चालत असे. मोट आणि मोटर यांचा व्युत्पत्तीने काडीमात्र संबंध नाही, परंतु एका गृहस्थांनी तो आम्हांस इतक्या खात्रीने सांगितला की खंडन करण्याचा धीर झाला नाही. वाहनाला मात्र सर्वत्र 'गाडी'च म्हणतात. बैलगाडी, आगगाडी, मोटारगाडी अशी विशेषणे लागली आणि गळली; नाम टिकले.

मोटारीची हौस या प्रदेशात आरंभी श्रीमंतांची होती. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था १९१९ साली स्थापन झाली. गाडी परदेशची, सुटे भाग परदेशचे. हौस मालकाची आणि हात दुसऱ्याचे, अशी त्या काळची विभागणी होती. दुसऱ्या महायुद्धाने ती मोडली. अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या युद्धानंतर निकालात निघाल्या आणि लिलावांतून सामान्य माणसांच्या हाती पडल्या. पुढे महिंद्र कंपनीने परवान्याने जीप जोडण्यास सुरुवात केली. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली होती. तिचा कुर्ल्याचा कारखाना १९४७ मध्ये सुरू झाला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून शिरूरवरून अहमदनगरला गेली. या अखेरच्या घटनेचे महत्त्व प्रवासाच्या इतिहासात सांगितले जाते, परंतु कारागिरीच्या इतिहासात ते अधिक आहे असे आमचे मत आहे. रोज धावणाऱ्या गाड्या रोज दुरुस्त कराव्या लागतात. त्यामुळे इंजिन उतरवून पुन्हा बांधणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला, आणि त्यातील कित्येकांनी पुढे रस्त्याच्या कडेला आपापले पत्रे उभारले. पाटस ते यवत या पट्ट्यात आम्हांस भेटलेल्या मिस्त्रींपैकी दोघांनी आपले वडील 'एस्टीत फिटर' असल्याचे सांगितले. त्यांच्या आधीची पिढी लोहार किंवा सुतार होती.

हौशी मोटारबांधणीचा विचार करताना इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांना वगळता येत नाही. जुनी मोटार दुरुस्त करण्यावर हा गृहस्थ थांबला नाही. त्याने नवी मोटारच बांधली. तिचे नाव 'मीरा'. पहिला नमुना १९४९ साली तयार झाला आणि त्यानंतर सुमारे दोन दशके ते एकामागून एक सुधारलेले नमुने काढीत राहिले. इंजिन मागील बाजूस असलेली ही लहान मोटार सुमारे १२,००० रुपयांत सामान्य कुटुंबाला मिळावी, अशी त्यांची कल्पना होती. मीरा रस्त्यावर चालली, लोकांनी पाहिली, परंतु तिचा कारखाना कधी निघाला नाही. तो परवान्यांचा काळ होता. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन अधिनियमाखाली मोटार बांधण्यास शासनाची अनुमती लागे आणि ती मोजक्या कंपन्यांनाच होती. पुढे १९७१ मध्ये दिल्लीच्या परिसरात मारुती या नावाची कंपनी लहान मोटारीसाठीच नोंदली गेली आणि १९८३ च्या डिसेंबरात, कंपनी शासनाच्या ताब्यात आल्यानंतर, जपानी सहकार्याने तिची पहिली गाडी बाहेर पडली. मीरा आणि मारुती यांची तुलना करून हळहळण्याचा प्रघात आहे. आम्हांस त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट लक्षणीय वाटते. वस्त्रोद्योगाच्या गावी, मागांची दुरुस्ती करणाऱ्या कारखान्यांच्या सान्निध्यात हे काम झाले. जेथे लोखंड कापणारे, वळविणारे आणि घासणारे हात आधीपासून होते, तेथेच ही हौस रुजू शकली. हौस एकट्याची दिसते. तिचे बळ मात्र आसपासच्या कारागिरीत असते.

नवी मोटार दुर्मिळ असल्यामुळे जुनी मोटार मरू न देणे ही गरज होती. प्रीमियरच्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबत. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि पेट्रोलचे इंजिन काढून तेथे डिझेलचे बसविण्याचे काम रस्त्यारस्त्यावर होऊ लागले. जीपमध्ये मॅटॅडोरचे इंजिन, ॲम्बॅसॅडरमध्ये तेच किंवा दुसरे एखादे, अशी कलमे झाली. कलम हा शब्द आमचा. मिस्त्री नुसते 'मॅटॅडोर टाकलं' असे म्हणतात. तेव्हा आज या रस्त्यावर जी जुनी जीप दिसते, तिची चौकट एका काळाची, इंजिन दुसऱ्या, पेटी तिसऱ्या आणि पत्रा कोणत्याही काळाचा असू शकतो. 'गाडी बांधणे' या क्रियापदात हे सारे सामावते. घर बांधतात, बैलगाडी बांधतात, इंजिनही 'बांधून घेतात'. आणि बांधलेली वस्तू पुनःपुन्हा बांधता येते, हे त्या क्रियापदाचे गृहीत आहे.

आता नेमक्या याच गृहीतावर बाहेरून एक वेगळी कल्पना येऊन आदळली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि वाहन नित्याच्या वा धंद्याच्या कामी रस्त्यावर आणता येत नाही. अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि त्याची चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्यापूर्वी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ विनिर्देशांत मालकाला मनमानी बदल करता येणार नाही, असा निर्णय दिलाच होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने यांत गैर काही नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने परिणाम असा होतो की, बंगल्यात झाकून ठेवलेली गाडी 'वारसा' ठरते आणि पन्नास वर्षे उसाच्या बांधावर राबून तीन वेळा बांधली गेलेली जीप कागदोपत्री इतिहासाबाहेर पडते. हौशी मंडळींतही यावरून दोन पक्ष आहेत. एक पक्ष मूळचा दिवा, मूळचा रंग आणि मूळचा बोल्ट यांच्यासाठी देश पालथा घालतो. दुसरा 'चालली पाहिजे' एवढेच मागतो. आमची सहानुभूती दुसऱ्या पक्षाकडे आहे, हे लपविण्यात अर्थ नाही.

शब्दसंग्रहाच्या कामात आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे सांगणे उपयुक्त होईल. पहिल्या खेपेस आम्ही सुट्या भागांची चित्रे असलेली प्रश्नावली घेऊन गेलो आणि 'याला काय म्हणता?' असे विचारीत सुटलो. उत्तरे बहुतेक इंग्रजी आली : क्लच, गिअर, रिंगगिअर, एक्सल. निष्कर्ष निघाला की येथे मराठी परिभाषा उरलेली नाही. तो निष्कर्ष आम्ही एका परिसंवादात मांडलाही. दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात दिवसभर नुसते बसून राहिलो, तेव्हा तोच मिस्त्री 'आटे गेलेत', 'पाटा तुटलाय', 'वंगण दे', 'चाकी आवळ', 'उचल घेत नाही', 'गचके मारते' असे बोलत होता. विचारल्यावर तो म्हणाला, "सर, नाव विचारलं की आम्ही पुस्तकातलंच सांगणार. काम करताना कोण पुस्तकातलं बोलतंय?" यातील 'वंगण' बैलगाडीच्या आसावरून आलेले आहे. गाडी गचके मारते, तापते, दम धरते, ऑइल पिते. हे सारे जित्राबाचे वर्णन आहे. नामे उसनी घेतली गेली आणि क्रियापदे घरची राहिली, असे या सामग्रीवरून म्हणता येते. नामांचीच प्रश्नावली करणाऱ्यास ती दिसणे शक्य नव्हते.

त्याच कारखान्यात पाहिलेला एक प्रसंग थोडा विस्ताराने देतो. पुण्याचे एक हौशी गृहस्थ आपली जीप तेथे बांधून घेत होते. किल्ली फिरविली की नुसता खरखराट होई, कारण फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे दाते एका बाजूने झिजले होते. ते कडे फ्लायव्हीलवर घट्ट बसविलेले असते. त्याला बोल्ट नसतो. जुने कडे मिस्त्रींनी छिन्नीने फोडून काढले. नवे कडे थंड असताना फ्लायव्हीलवर उतरत नाही. तापविले की ते फुलते, अलगद बसते आणि निवताना आवळून धरते. गॅसची ज्योत जवळच होती, पण ती बाजूला ठेवून त्यांनी जमिनीवर गोवऱ्यांचे रिंगण केले. ज्योतीने कडे एका अंगाने तापते, गोवरीने सगळीकडून सारखे तापते, असे त्यांचे म्हणणे. मग हातातला चिमटा तसाच ठेवून ते धाकट्या पोराला म्हणाले, "चल, धाव चढवायची."

धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. तीही तापवून चढवितात आणि निवताना ती आरे, पुठ्ठे व तुंबा यांना एकत्र आवळते. मिस्त्रींचे आजोबा धावा चढवीत असत. विद्या तीच होती; परंतु ती आंधळेपणाने उचललेली नव्हती, हे पुढच्या बोलण्यावरून कळले. "धाव लाल करायची, ही लाल करायची नाही. सोनेरी झाक आली की उचलायची. निळी दिसली की दाते मऊ पडले म्हणून समजा." कडे उतरले तेव्हा पोराने पाण्याची बादली पुढे केली. तिला त्यांनी पायानेच मागे सारले. "धावेवर पाणी ओततात. हिच्यावर नाही. हिनं आपली आपण निवायची."

पोलादाचा रंग आणि त्याचा टणकपणा यांचा हा संबंध धातुशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. लाकडी चाकावरील तापलेल्या धावेवर तातडीने पाणी ओतावे लागते, नाही तर चाकच जळेल. येथे ते कारण नाही, आणि एकदम थंड केलेल्या पोलादाला तडा जाण्याचे भय आहे. पाठ्यपुस्तकात नाही ती 'धाव' हा शब्द धरून ठेवून त्याच्या भोवतीचे नियम बदलण्याची रीत. शासनाच्या परिभाषाकार्याला १९६० नंतर वेग आला आणि अंतर्ज्वलन वगैरे शब्द पुस्तकांत रूढ झाले, त्यांचा उपयोग आहेच. परंतु 'धाव चढवणे' या प्रयोगाची मोटारीच्या संदर्भातील नोंद आम्हांस हाताशी असलेल्या कोशांत आढळली नाही, आणि नव्या गाड्यांत असे काम कारखान्यापर्यंत येतच नाही. झिजलेला भाग अख्खाच बदलतात.

कडे निवेपर्यंत तासभर गेला. त्या अवधीत मालकांनी आपल्या जीपच्या नोंदणीची कागदपत्रे दाखविली. इंजिन बदललेले असल्याने तिला 'व्हीए' क्रमांक मिळणार नव्हता. याचे त्यांना दुःख होते. मिस्त्रींना त्यात दुःखाचे कारण दिसेना. संध्याकाळी किल्ली फिरविताच इंजिन लागले. मालक, मिस्त्री आणि आम्ही असे तिघे रोटीच्या घाटाकडे निघालो. चढाला गाडीने एकदा गचका दिला, तेव्हा मिस्त्रींनी डॅशबोर्डवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाले, "हां, चल."