फिरत्या रंगभूमीचा अखेरचा मुक्काम



आपल्या रंगभूमीचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. कोणत्या नटाने कोणत्या साली प्रथम तोंडाला रंग लावला, कोणत्या पदाला किती वेळा ‘वन्समोअर’ मिळाला, हे त्यांत बारकाईने सापडते. पण तोच नट रंगभूमीवरून खाली केव्हा उतरला, कशामुळे उतरला आणि त्यानंतर त्याची चूल कशी पेटली, याविषयी हे इतिहास बहुधा दोन ओळींत आटोपते घेतात. आज मी त्या दोन ओळींविषयीच बोलणार आहे.

हा विषय सुचण्यास निमित्त परदेशातले आहे. पाश्चात्त्य देशांत ‘रॉक’ नावाच्या संगीताची जी लाट उठली, तिचे गायक आता वृद्ध झाले आहेत. अमेरिकेच्या लिंडा रॉन्स्टॅट या गायिकेने २०१३ साली, कंपवाताच्या विकारामुळे आपल्याला गाता येत नाही, असे जाहीर केले. पुढे तिचे दुखणे त्याच जातीचे, पण निराळे असल्याचे निदान झाले. नील डायमंड याने २०१८ साली कंपवातामुळेच दौरे थांबवले. ऑझी ऑझबर्न या इंग्रज गायकाने ५ जुलै २०२५ रोजी आपल्या जन्मगावी, बर्मिंगहॅमला, आसनावर बसून अखेरचा जलसा केला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो वारला. या बातम्या वाचताना आपल्याला वाटते, ही दूरची गोष्ट. परंतु गावोगाव फिरून पोट भरणारा कलावंत, त्याचे थकलेले शरीर आणि न थांबणारा दौरा, ही कहाणी महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवलेली आहे. तिचे धागे आपल्या खानदेशातही गुंतलेले आहेत.

प्रथम फिरत्या नाटक मंडळीचा संसार कसा असे, ते ध्यानी घेऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. मंडळी म्हणजे एक चालते गावच. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, गडी, त्यांची बायकामुले आणि पडद्यांच्या व कपड्यांच्या पेट्या, असे सारे बिऱ्हाड आगगाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. ज्या गावी रेल्वे नाही, तेथे स्टेशनापासून पुढे बैलगाड्या. नाटक रात्री सुरू होई ते उत्तररात्रीपर्यंत चाले. ध्वनिवर्धक नव्हता, पाठीमागच्या पिटातल्या माणसाला पद ऐकू गेले पाहिजे, ते गळ्याच्या बळावर. त्यातून ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा. दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळेलच, असा भरवसा नसे.

या साऱ्या संसाराचा आधार बहुधा एकच गळा असे. लोक नाटकाचे नाव वाचून येत, पण तिकीट काढीत ते त्या गळ्यासाठी. म्हणून मुख्य नटाला पडसे झाले की सबंध मंडळीला ताप भरे. खेळ बंद राहिला तरी भाडे, भोजन आणि सावकाराचे व्याज चालूच. त्यामुळे नटाचे आजारपण ही त्याची खाजगी बाब उरत नसे. आपण निजलो तर पोराबाळांसह सारे उपाशी राहतील, या जाणिवेने अंगात ताप असताना रंग चढवणारे नट त्या काळी विरळा नव्हते.

या पार्श्वभूमीवर तीन कलावंतांचा शेवट पाहू. तिघांचे शेवट तीन तऱ्हांचे आहेत.

पहिले केशवराव भोसले. १८९० साली कोल्हापुरास जन्मलेल्या या गायक नटाने १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. त्यात धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. त्या रात्रीनंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस. विषमज्वरावर त्या काळी हुकमी औषध नव्हते. ते औषध वैद्यकाच्या हाती आले १९४८ च्या सुमारास. पण केशवरावांची मंडळी त्यांच्याबरोबर गेली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती १९३७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवली. पुढे १९४२ साली त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली. एका गळ्यावर उभी राहिलेली मंडळी दुसऱ्या गळ्याकडे सोपवता येते, हे ‘ललितकलादर्श’ने दाखवले. असे भाग्य फार थोड्यांना लाभले.

दुसरे मास्टर दीनानाथ मंगेशकर. तापीच्या उत्तर काठी, आपल्यापासून पश्चिमेस, थाळनेर आहे. फारुकी राजांची पहिली राजधानी म्हणून इतिहासाला ते ठाऊक आहे. दीनानाथांची ती सासुरवाड. लतादीदी, आशाताई आणि त्यांची भावंडे यांचे हे आजोळ. २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशीस जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. त्यांचा तेजस्वी, झेपावणारा गळा ‘रणदुंदुभी’सारख्या नाटकांना मोठा लाभदायी ठरला. पुढे बोलपट आला आणि नाटकांची गर्दी ओसरू लागली. मंडळीने स्वतः चित्रपट काढून पाहिला. त्यात खोट आली आणि मंडळी मोडली. येथे क्रम लक्षात घ्या. आधी व्यवसाय मोडला, मग शरीर मोडले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ वारले, तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस. वडील मुलगी बारा वर्षांची होती. तिने चित्रपटांत कामे करून घर सावरले. पुढे त्या कंठाची कीर्ती जगभर झाली, म्हणून आपण त्या दुःखाला गोड शेवटाची कथा समजतो. परंतु अशीच वडील मुले मागे ठेवून गेलेले कितीतरी नट असतील, ज्यांच्या घरात लता नव्हती. त्या घरांचे काय झाले, हे कोणत्या पुस्तकात आहे?

तिसरे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी ते शिक्षणासाठी जळगावास होते आणि तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांच्या गाण्याचा श्रीगणेशा झाला. म्हणजे या कंठावरचा पहिला संस्कार खानदेशातला आहे, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली, आणि पुढची वीस वर्षे म्हणजे महाराष्ट्राच्या सौंदर्यदृष्टीचेच एक पर्व होय. १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घरी कन्या वारली असताही त्यांनी प्रयोग केला, ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण तिच्यात पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज आहे. प्रयोग थांबवायचा नाही, हा धर्म एकदा अंगी मुरला की आपले स्वतःचे शरीर विनवू लागले तरी तो सुटत नाही.

मंडळी कर्जात बुडाली तेव्हा त्यांनी दिवाळखोरीचा मार्ग पत्करला नाही. गाऊन गाऊन कर्ज फेडले. बोलपटाच्या काळात १९३५ साली त्यांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त पुरुषवेषाने एकनाथांचे काम केले. पण त्यांचा जीव पडद्यात रमला नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय पन्नाशीला आले, शरीर स्थूल झाले, तरी भामिनी आणि सिंधू उभ्या राहतच होत्या. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिकांचा पुष्कळसा भार त्यांनी उचलला. तरीही प्रेक्षकांची मागणी बालगंधर्वांच्या सिंधूचीच. उतारवयात त्यांचे पाय अधू झाले आणि उभे राहणेच कठीण झाले. पाय गेले, पण गळा उरला होता. म्हणून नाटक सुटले तरी बैठकीत बसून भजने गाणे चालू राहिले. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात त्यांच्याच हस्ते त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले, आणि रंगमंदिर उघडले २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी. आयुष्यभर भाड्याच्या नाट्यगृहांतून गायलेल्या माणसाच्या नावे नगरीने घर बांधले, पण ते उभे राहिलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्यांनी वेळीच का थांबू नये, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. काही म्हणतात, मोह. काही म्हणतात, पोट. मला वाटते, याचे तिसरे उत्तर आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे आहे. ज्यांनी तरुणपणी ती सिंधू पाहिली, त्यांना ती पुन्हा पाहावयाची होती. ज्यांनी पाहिली नव्हती, त्यांना ‘आम्हीही पाहिली’ असे सांगावयाचे होते. थकलेल्या कलावंताला टाळी वाजवणे हे प्रेम खरेच. पण त्या टाळीत ‘अजून एकदा’ ही आज्ञाही दडलेली असते. घरी बसून सन्मानाने खाण्याइतके त्याच्यापाशी आहे काय, हे विचारण्याची तसदी टाळी घेत नाही.

नाटकाची ही कथा. तमाशाची याहून कठीण. दसऱ्यापासून आखाजीपर्यंत फड फिरावयाचा. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा असो की एखाद्या गावचा उरूस, कनात ठोकावयाची, रात्रभर खेळ करावयाचा आणि पहाटे पुढच्या गावची वाट धरावयाची. पावसाळ्यात उत्पन्न नाही. तेव्हा सावकाराची उचल. ती फेडण्यासाठी पुढल्या साली पुन्हा फिरणे. या चक्रात आजारी पडावयास जागाच नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातली विठाबाई या कलेची सम्राज्ञी मानली गेली. भर प्रयोगात प्रसूतीसाठी आत जाऊन, मूल जन्मल्यावर ती पुन्हा रंगमंचावर आली, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. आपण तीही कौतुकाने सांगतो, पण मला त्यात कौतुकाआधी लाज दिसते. त्या रात्री खेळ थांबवा म्हणणारा एकही माणूस कनातीत असू नये? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावती आजारपण आणि ओढगस्त सोसून १५ जानेवारी २००२ रोजी गेली. आज तिच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

आता त्या परदेशी गायकांकडे पुन्हा वळू. दुखण्यापुढे तेही आपल्यासारखेच दुबळे. कंपवात स्नायू ताठरवतो, आवाज बारीक करतो, पाऊल अडखळवतो. तो कीर्ती पाहत नाही. फरक पडतो तो थांबल्यानंतर. गायक घरी बसला तरी त्याचे ध्वनिमुद्रित गाणे फिरत राहते आणि त्याच्या वाट्याचा पैसा घरी येतो. म्हणून तो ‘आता पुरे’ असे म्हणू शकतो. आपल्या नटाचे सारे धन त्या रात्रीच्या तिकीटविक्रीत होते. त्याच्या तबकड्या घरोघर वाजल्या, पण कायद्याने त्याला त्यांवर हक्क दिला नव्हता. आपल्या १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताच्या हक्काला स्थान नव्हते. ते मिळाले १९९४ च्या दुरुस्तीने, आणि स्वामित्वधनाचा वाटा मान्य झाला २०१२ साली. तोवर बालगंधर्वांना जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती.

शासन अगदीच उदासीन राहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना आपल्याकडे १९५४-५५ पासून आहे. २०२४ पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव असून मानधन दरमहा ५,००० रुपये केले आहे. रक्कम औषधपाण्याच्या मानाने तोकडी आहे. परंतु तीही मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो, आपण कलावंत होतो याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने चाळीस वर्षे जत्रांतून ढोलकी वाजवली, त्याच्यापाशी पुरावा कसला? त्याचा पुरावा म्हणजे तुम्ही आणि मी. आपण त्याला ऐकले आहे.

म्हणून या व्याख्यानाचा शेवट मी एका साध्या सूचनेने करतो. वहीगायन करणारे, कानबाईची गाणी म्हणणारे, तमाशाच्या फडांबरोबर उमेदीची वर्षे घालवलेले लोक आपल्या तालुक्यातही असतील. अशी व्याख्यानमाला चालवणाऱ्या गावाला त्यांची एक यादी करणे अवघड नाही. कोण कोठे राहतो, काय गात होता, आता प्रकृती कशी आहे, अर्ज लिहून द्यावयास घरात कोणी आहे काय, एवढे चार प्रश्न घेऊन दोन सुट्ट्यांत गावोगाव फिरता येईल. आजवर ते आपल्या दारी आले; आता ते येऊ शकत नाहीत, तेव्हा आपण त्यांच्या दारी जावे. एवढा मुक्काम तरी आपल्याकडून चुकू नये.