स्वल्पविरामाची बखर

महाराष्ट्राबाहेर, विशेषतः हिंदी प्रदेशात, नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या मुलांच्या कानांवर शाळेत एक वाक्य हटकून पडते : ‘रोको मत जाने दो.’ ‘रोको’ ह्या शब्दापुढे स्वल्पविराम दिला की जाणाऱ्यास अडवावयाचे. तोच ‘मत’पुढे दिला की त्याची वाट मोकळी करावयाची. मुले घरी येऊन हे कोडे आम्हांस घालतात आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसतो. परंतु हेच वाक्य एखाद्या नाक्यावरील पहारेकऱ्याच्या हाती लेखी हुकूम म्हणून पडले आणि हुकूम देणारा शंभर कोस दूर असला, तर जाणाऱ्याचे दैव त्या नखाएवढ्या खुणेवर लोंबकळत राहील. मग हसू येणार नाही.

विरामचिन्हे ही शाळेतील गुण कापण्यासाठी मास्तरांनी काढलेली युक्ती होय, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. लिहिणारा आणि वाचणारा ह्यांच्यातील अंतर जसजसे वाढत गेले, तसतशी ह्या खुणांची गरज वाढली, हे त्या इतिहासाचे सूत्र आहे.

आपल्या मोडी लिपीचेच पाहा. लेखणी शक्यतो न उचलता, आधी ओढलेल्या रेघेखाली, शब्दाला शब्द जोडून धावणारी ही लिपी. तीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नाही. त्यामुळे ‘तेवीस स्वार आले’ आणि ‘ते वीस स्वार आले’ ही दोन वाक्ये मोडीत एकसारखीच उमटतात. तिघा स्वारांचा हा हिशेब केवळ संदर्भावरून लावावा लागतो. जुन्या कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्यांचा पुष्कळसा वेळ अक्षर ओळखण्यात नव्हे, तर शब्द कोठे तोडावा हे ठरविण्यात जातो. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून अशा कामाला वाहून घेतलेल्यांनी किती डोळे शिणविले असतील, ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

मग एवढे मोठे राज्य विरामचिन्हांवाचून चालले तरी कसे? त्याचे एक उत्तर भाषेतच आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते, आणि नकारही क्रियापदाच्याच अंगाला चिकटून येतो. त्याखेरीज जुन्या कारकुनांनी खुणांचे काम शब्दांकडून करून घेतले होते. ‘ऐसियास’ आले की नवा मुद्दा सुरू झाला; ‘सबब’ आले की कारण संपून निर्णय आला; ‘तरी’ आले की आता आज्ञा वा विनंती यावयाची. तहनामे आणि यादी कलमवार लिहीत. त्यामुळे एका कलमातील गोष्ट दुसऱ्यात मिसळण्याची धास्ती कमी होई. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी तर ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटविलेली असे. येथे लेखनाची सीमा झाली, ह्यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये, असा तिचा अर्थ. एवढा भक्कम पूर्णविराम आमच्या आजच्या दप्तरातही नाही.

दुसरे उत्तर माणसात आहे. त्या काळचे पत्र एकटे प्रवास करीत नसे. त्याच्याबरोबर जासूद असे, दरबारी वकील असे. नाजूक मजकूर पत्रात न घालता तो मुखजबानी कळेल, असे लिहून देण्याची रीत होती. पत्र वाचताना घोटाळा झालाच, तर विचारावयाला जिवंत माणूस समोर उभा असे. त्याच्या आवाजातील चढउतार, त्याचे थांबणे, त्याचे डोळे, हीच त्या पत्राची विरामचिन्हे होती.

छापखाना, वर्तमानपत्र आणि टपाल ह्यांनी हा माणूस मधून काढून टाकला. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि लिहिणाराला कधीही न पाहिलेला वाचक निर्माण झाला. १८५४ मध्ये टपालाची तिकिटे हिंदुस्थानभर सुरू झाली आणि कोणाचेही पत्र कोणाकडेही जाऊ लागले. जुन्या पोथ्यांतील श्लोकाच्या चरणामागचा दंड आणि श्लोकान्तीचा दुहेरी दंड एवढ्या सामग्रीवर लांबलचक गद्याचा गाडा चालणे आता शक्य नव्हते. नेमक्या ह्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मोल्सवर्थ ह्यांचे कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी ह्यांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रुजविण्याचा उद्योग केला. परक्या माणसाने आमच्या भाषेवर लादलेले हे जोखड, अशी तक्रार अधूनमधून कानांवर येते. आम्हांस ती पटत नाही. कँडीसाहेबांनी खुणा दिल्या. त्यांची गरज आधीच आमच्या दाराशी येऊन उभी होती.

ह्या खुणांवर माणसांचे प्राण कसे टांगले जातात, ह्याचे विख्यात उदाहरण विलायतेतील आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी जर्मनीची मदत मिळवू पाहणारे सर रॉजर केसमेंट ह्यांच्यावर १९१६ मध्ये लंडनला राजद्रोहाचा खटला झाला. कायदा होता १३५१ सालचा, नॉर्मन फ्रेंच भाषेतला. राजाच्या शत्रूंना ‘राज्यात किंवा अन्यत्र’ साहाय्य करणाऱ्याविषयी त्यात तरतूद होती. केसमेंट ह्यांची कृत्ये घडली होती जर्मनीत. त्यांच्या वकिलांनी प्रतिपादिले की, ‘किंवा अन्यत्र’ हे शब्द केवळ मदत कोठे पोचली ह्याविषयीचे आहेत. राज्याबाहेर राहून शत्रूला मिळणे हा ह्या कायद्याखाली गुन्हाच नव्हे. म्हणजे वाद उरला विरामाचा : वाक्याचा तो तुकडा कोठे तोडावयाचा आणि कोठे जोडावयाचा? अपील ऐकणाऱ्यांपैकी दोघा न्यायाधीशांनी अभिलेखागारात जाऊन मूळ लेख डोळ्यांखाली घातला. निकाल केसमेंट ह्यांच्या विरुद्ध गेला आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. स्वल्पविरामाने फाशी दिलेला मनुष्य, असे त्यांच्याविषयी पुढे म्हटले जाऊ लागले.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले, तेही महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या एका अपिलातले आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच सांगितले होते की, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा गौण घटक असला, तरी काळजीपूर्वक चिन्हे घातलेल्या कायद्याच्या अर्थाविषयी संशय पडल्यास त्यांना वजन दिले पाहिजे. १९७९ च्या निकालात ह्या तत्त्वाचा कस लागला. औषधे व सौंदर्यप्रसाधने ह्यांविषयीच्या १९४० च्या अधिनियमाचे २७ वे कलम न्यायालयापुढे होते. आरोपीजवळ औषधे सापडली होती. ती त्याने विकावयासाठी ठेवली होती, असे सिद्ध झाले नव्हते. कलमाच्या इंग्रजी पाठात विक्रीसाठी उत्पादन आणि प्रत्यक्ष विक्री ह्या प्रत्येकापुढे स्वल्पविराम आहे; परंतु ‘साठा करणे’ आणि ‘विक्रीसाठी मांडणे’ ह्यांच्या मध्ये तो नाही. न्यायालय म्हणाले, ज्या अर्थी येथे स्वल्पविराम नाही, त्या अर्थी हे दोन्ही मिळून एकच पद आहे. साठाही विक्रीसाठीच असला पाहिजे. नुसते जवळ बाळगणे हा ह्या कलमाखाली गुन्हा नव्हे. आरोपी सुटला. लंडनमध्ये एका विरामाच्या वादात मनुष्य गेला. येथे नसलेल्या विरामाने मनुष्य वाचविला.

न्यायालयात निदान वाद घालता येतो. यंत्रापुढे तीही सोय नाही. २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने शुक्राच्या दिशेने ‘मरिनर १’ हे यान सोडले. ते भरकटू लागले आणि उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी ते नष्ट करावे लागले. एक ‘हायफन’ गळल्यामुळे हे घडले, अशी वार्ता पसरली. पुढे झालेला खुलासा अधिक बोधप्रद आहे. हस्तलिखित समीकरणात एका अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ होती; ‘क्षणाक्षणाचे बारीक चढउतार सोडून सरासरी किंमत घ्या’ असा तिचा अर्थ. सूचना उतरवून घेताना ती रेघ राहून गेली. मग यंत्राने प्रत्येक क्षुल्लक हेलकावा मोठी चूक मानून नको ती दुरुस्ती चालविली. लिहिणाराच्या मनात रेघ होती. वाचणाराच्या कागदावर ती नव्हती. त्याच वर्षी २७ ऑगस्टला निघालेले ‘मरिनर २’ मात्र १४ डिसेंबरला शुक्राजवळून सुखरूप गेले.

आकड्यांतही हीच गोष्ट. आमच्या आजोबांच्या वहीत पाच रुपयांपुढे दोन उभ्या रेघा दिल्या की साडेपाच होत. पोथीत श्लोक संपविणारा दुहेरी दंड जमाखर्चात अर्धा रुपया दाखवी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या रेघांची जागा टिंबाने घेतली. आता १,२५० हा आकडा आम्हांस साडेबाराशे वाटतो. जर्मनीत तोच सव्वा असा वाचला जातो. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये दशांशासाठी टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही मान्य केले, आणि अंकांचे गट पाडताना ह्यांतील कोणतीही खूण न वापरता केवळ मोकळी जागा सोडावी, असे सुचविले. दोन अभियंते निरनिराळ्या देशांत बसून एकाच यंत्राविषयी लिहीत असतील, तर ह्या टिंबाची किंमत हजारपट असते.

आम्ही खर्डे लिहिणारी माणसे. आमचा कागद येथून निघतो तो कधी इम्फाळला पोचतो, कधी श्री विजयपुरमला. तो वाचणारा आमचा चेहरा कधीच पाहणार नाही. कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाची बदली, कोणाच्या विधवेचा हक्क त्याच्या वाचण्यावर अवलंबून असेल. पेशव्यांच्या पत्रामागे जासूद धावे; आमच्या कागदामागे कोणी धावत नाही. आम्हांस जेथे थांबावयाचे होते तेथे वाचणाराही थांबेल, ह्याची हमी देणारा एवढा एकच जासूद आम्हांजवळ उरला आहे. सही करण्यापूर्वी खर्डा एकदा मोठ्याने वाचावा आणि जेथे श्वास घेतला तेथे कागदावर खूण आहे ना, हे पाहावे. त्यात जाणारा क्षण वाया जात नाही; तो कोणा अनोळखी माणसाच्या पदरी पडतो.