पावती फाडून गळ टाका

गळ शिकायला माझ्याकडे येणारी पोरं आधी रॉडचं विचारतात. किती फुटी घ्यायचा, रीळ कुठलं, दोरा किती किलोचा. मी त्यांना मासळी बाजारात घेऊन जातो. ओळखीच्या मावशींना सांगून एक कटला, एक रोहू आणि एक मृगळ शेजारी-शेजारी मांडायला लावतो आणि म्हणतो, तोंडं बघा. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वरच्या अंगाला वळलेलं. रोहूचा ओठ जाड, त्याला झालर. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो. गळ किती खोल सोडायचा, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

उरलेलं निम्मं उत्तर इतिहासात आहे, असं मी मानतो. माझी नोकरीची सगळी वर्षं मत्स्यबीज केंद्रावर गेली. कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही कार्प. आपल्या तलावातला कार्प कुठून आला, कुणी आणला, काय खाऊन वाढला हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हात गळावर लवकर बसतो.

गळाची विद्या आपल्याकडे साहेबानं आणली, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी अभ्यासकांना तो माहीत असतो तो कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या उल्लेखामुळे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरण आहे. त्यात समुद्रातले आणि नदीतले मासे वेगळे केलेत, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे केलेत, माशांना काय खाऊ घालावं ते सांगितलंय आणि मग गळ येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं. आधी माशाची जात, मग त्याचं खाणं आणि शेवटी काठी-दोरी. नवशिक्याला शिकवायचा याहून चांगला क्रम मला सापडलेला नाही.

‘मानसोल्लास’नंतर सातशे वर्षांनी कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये मोजणीच्या कामावर होता. त्यानं भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १८३९मध्ये वर्णनं छापली. इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच त्यानं शास्त्रीय नावांत घातली. आपला दख्खनी महसीर जगभर ‘खुद्री’ या नावानं नोंदला गेला तो त्याच्यामुळे, आणि त्या माशाचं मूळ ठिकाण म्हणून पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा लागली. महसीर हाही कार्पच्याच कुळातला. पुढे लोणावळ्याला टाटांच्या धरणांच्या पाण्यावर डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाची पैदास हातानं करून दाखवली. आज तो नदीत विरळ झालाय. गळाला लागला तर ओल्या हातानं सोडवायचा आणि पाण्यात परत द्यायचा, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

साइक्सच्या पुण्यात मात्र रोहू नव्हता. कटला, रोहू, मृगळ या त्रिकुटाचं मोठं घर म्हणजे उत्तरेतली गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूची खोरी. हे मासे पावसात नदीला पूर आला की उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यात वाढतात, गलेलठ्ठ होतात, पण साचलेल्या पाण्यात माद्या अंडी सोडत नाहीत. त्यामुळे ज्याला तळ्यात मासे वाढवायचे, त्याला बीज नदीतूनच आणावं लागे. बंगालमधले मच्छीमार पुराच्या कडेला बारीक जाळी लावून ते गाळायचे. मातीच्या हंड्यांत भरून हावड्याहून रेल्वेनं ते देशभर जायचं, मुंबई इलाख्याच्या तलावांसाठीही तिकडूनच यायचं. हंड्यांबरोबर माणसं बसत. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ती हंडे हलवत राहत आणि स्टेशन आलं की पाणी बदलत. तरी वाटेत पुष्कळ बीज मरायचं. आणि जे पोचायचं त्यात नको त्या जातींची, दुसऱ्यांना खाणारी पिल्लंही मिसळलेली असायची.

हा प्रवास थांबवला तो डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. ब्राझीलमध्ये १९३०च्या दशकात माशाला माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावण्याचे प्रयोग यशस्वी झाले होते. चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हे आपल्या कार्पवर साधलं. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्याची आठवण म्हणून. त्यानंतर बीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावायची गरज उरली नाही. राज्याराज्यांत मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली.

तिथलं काम मी हातानं केलंय. बाजारातल्या ताज्या माशांची डोकी फोडून मेंदूच्या बुडाशी असलेली ग्रंथी चिमट्यानं अलगद उचलायची आणि कडक अल्कोहोलमध्ये ठेवायची. जुलैच्या संध्याकाळी तळ्यातून जोड्या काढायच्या. मादीचं पोट मऊ आणि फुगीर हवं. नराच्या छातीजवळच्या परावर बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मादीला शेपटीच्या मुळाशी पहिली सुई, सहा तासांनी दुसरी. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या सुईबरोबर. मग त्यांना पाण्यात बांधलेल्या कापडी हाप्यात सोडायचं. पहाटेच्या सुमाराला हाप्यात एकदम खळबळ उडते. उजाडता उजाडता बघावं तर तळाशी अंडी पाण्यानं फुगून भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक झालेली. त्याच रात्री अंडी फुटायला लागतात. तिसऱ्या दिवशी जिरे, म्हणजे ही नुकती निघालेली पिल्लं, संगोपन तळ्यात जातं. जिऱ्याचं मत्स्यबीज होतं, मत्स्यबीजाची बोटुकली होते आणि बोटुकली धरणात सोडली जाते. आता ग्रंथीऐवजी तयार संप्रेरकाची बाटली मिळते, बाकीचा क्रम तोच आहे.

याच काळात परदेशी कार्पही आले. १९५९मध्ये हाँगकाँगहून गवत्या आणि जपानहून चंदेरा कटकला पोचले. सायप्रिनस तर त्याआधीच आलेला होता, आणि तो तळ्यातही अंडी घालतो. तेव्हा तुमच्या गळाला मोठ्या धरणात कटला किंवा रोहू लागला, तर बहुतेक वेळा तो कुणीतरी डब्यातून नाहीतर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आणून सोडलेला असतो.

आता आमिषाकडे या. केंद्रावर आम्ही या पिल्लांना शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा समभाग मिसळून देत असू. कार्प तोच वास ओळखतो. म्हणून नवशिक्यानं महागड्या पुड्यांच्या नादी लागू नये. पेंड भाजून कुटावी, कोंडा आणि थोडी कणीक घालून घट्ट मळावी. पहिला तासभर नुसते गोळे एकाच जागी टाकत राहावं. सोमेश्वराच्या ग्रंथातला खाऊ घालण्याचा धडा हाच. मासा जागेवर आला की पाण्यावर बुडबुड्यांच्या बारीक रांगा दिसतात. मृगळ नाहीतर सायप्रिनस तळ उकरतोय, असं समजावं. मग लहान गळ, त्याच्या वीतभर वर शिशाचा मणी आणि तरंगायला पिसाचा देठ एवढं पुरे. देठ आडवा झाला किंवा सरळ खाली गेला की मनगटानं झटका द्यायचा, खांद्यानं नव्हे. रोहू पहिल्या धावेत दोरा ओढून नेतो. त्याला नेऊ द्यावं. ताण ठेवावा, हट्ट करू नये.

दोन नियम मी कुणालाच माफ करत नाही. पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत नदीत गळ टाकायचा नाही, कारण तेव्हा पोटात अंडी असलेल्या माद्या वर चढत असतात. आणि दुसरा नियम परवान्याचा. आपल्याकडची बरीचशी धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्यानं घेतलेले असतात. बोटुकलीचे पैसे त्या भरतात, जाळी चोरीला गेली तर नुकसान त्या सोसतात आणि सभासदांची घरं त्याच पाण्यावर चालतात. काठावर बसायच्या आधी संस्थेच्या माणसाला भेटा, रीतसर विचारा आणि जी काही फी असेल ती भरून पावती घ्या. त्या पावतीत बीजाचे पैसे आहेत, रात्रभर हाप्याशी जागलेल्या माणसांची मजुरी आहे. ती न फाडता गळ टाकणाऱ्याला मी शिकवत नाही.